पायावरचा खळगा

दार उघडायच्या आत व्हर्नेल टिब्जने नजर खाली टाकली, खांदे सैल सोडले आणि ती लोरेन कोलमन झाली. लोरेन कोलमन विधवा. वसंतात नवरा गेला, तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं, संध्याकाळचा दिवा लावायचंही जिवावर येत होतं. हे सगळं व्हर्नेलने पाठ केलेलं होतं. पण आपणहून सांगायचं ते एवढंच, की थकवा येतो. बाकीचं जो विचारील त्याला.

आत आलेला मुलगा उंच होता, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटातला. त्याने नाव सांगितलं, हात धुतले, उभ्याउभ्याच प्रश्न विचारले आणि मग भिंतीतल्या काळ्या काचेकडे तोंड करून म्हणाला, "आता मी पायांवर सूज आहे का ते पाहीन."

काचेपलीकडून डॉक्टर गेन्सचा आवाज आला. पाय ठीक आहेत, सूज नाही.

मुलगा आभार मानून पुढच्या प्रश्नाकडे वळला. व्हर्नेलच्या पायांकडे त्याने बघितलंही नाही.

तिथली रीतच होती ती. परीक्षेतले रोगी खरे नसत. टेकडीखालच्या वस्तीतली माणसं, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बस चालवून थकलेला, रोग्याचं सोंग घेऊन बसत आणि टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजातली पोरं त्यांच्यावर हात बसवत. पण सोंगाच्या अंगावर खुणा कुठून याव्यात? म्हणून तपासणी नुसती बोलून दाखवायची आणि काचेपलीकडच्या परीक्षकाने समोरच्या कागदावरचं उत्तर वाचायचं. वेळ वाचे, म्हाताऱ्या माणसांना कपडे सावरत बसावं लागत नसे. या रीतीला कुणी कधी नावं ठेवली नव्हती. व्हर्नेलला तर यंदा ती देवासारखी पावली होती.

उन्हाळ्यापासून तिचे पाय सुजत होते. संध्याकाळी मोजे उतरवले की घोट्यावर ओल्या मातीत दोरी रुतावी तसा वळ उमटे. आडवं झालं की छातीवर कुणी येऊन बसल्यासारखं होई, म्हणून ती खिडकीशी नवऱ्याच्या जुन्या आरामखुर्चीत बसूनच झोपे. हे हृदयाचं दुखणं आहे, ते तिला कुणी सांगायला नको होतं. पाणी ज्याच्या पायात चढतं त्याला नदीची वाट विचारावी लागत नाही, असं तिची आजी म्हणायची.

तिची धाकटी बहीण अल्मेटा याच दुखण्याने गेली होती. नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन ती सांगून आली होती, श्वास पुरत नाही म्हणून. तिथल्या डॉक्टरने दाराच्या मुठीवरचा हात न काढता ऐकून घेतलं. काही नाही, तुम्ही जिवाला फार लावून घेता, असं म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. अल्मेटा पुन्हा गेली, पुन्हा गोळ्या घेऊन आली. त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी गेली नाही. तिला नेलं, आणि ती परत आली ती फुलांखाली. त्याच शरदात व्हर्नेल टेकडी चढून डॉक्टर गेन्सच्या दारात उभी राहिली होती. इथे पोरांना ऐकायला शिकवता असं कानावर आलं, म्हणाली; मग त्यांच्याशी बोलायला कुणीतरी लागतच असेल.

तेव्हापासून दर शरदात ती कुणाची तरी आई, कुणाची तरी विधवा होऊन या खोलीत बसत आली. गुलामी सरली तरी ज्या काळ्या लोकांना कुठलं दार उघडत नव्हतं, त्यांच्या नातवंडांसाठी बांधलेलं हे कॉलेज. त्याचं स्वतःचं हॉस्पिटल एके काळी अंगणापलीकडेच होतं. आता त्याच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या होत्या, भिंतीवर वेल चढला होता. इथे कुणी आजारी पडलं तरी नदीपलीकडेच न्यावं लागे. पाय दाखवायचे म्हणजे तिकडे जायचं. शिवाय ज्याला खरं दुखणं आहे त्याला सोंगाला बसू देत नसत. ही खोली गेली असती. आणि या खोलीत तर तरण्या पोरांच्या तोंडून रोज तिला विचारलं जायचं, तुम्हाला कसं वाटतंय, मॅम? नाव लोरेनचं असे, कान तिचे असत.

उंच मुलगा गेला. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली आणि रोझलिन बटीस्ट आत आली.

या पोरीला सगळे ओळखत होते. लुइझियानाच्या दलदलीतली, आजीने वाढवलेली, अंगाने बारीक. कोटाच्या बाह्या बोटांवर यायच्या. वसंतातल्या परीक्षेत तिची वेळ संपली तेव्हा ती अजून रोग्याच्या घरच्यांची विचारपूस करत होती. ही काकवी आहे, बाटली उलटी धरली तरी दुपार होईल, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं आणि ते नाव तिला चिकटलं. आजची तिची दुसरी खेप. तिसरी नव्हती; आज हुकली तर कॉलेज सोडून घरी जायचं.

तिने स्टूल ओढलं, व्हर्नेलच्या गुडघ्याजवळ येऊन बसली. थकवा येतो म्हणता, तर घरी कोण कोण असतं, असं विचारलं. कुणी नाही, व्हर्नेलने लोरेनच्या आवाजात सांगितलं. मग जेवण एकट्यासाठीच रांधता का, पोरीने विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत गप्प बसली. दुसरी पोरं इतका वेळ गप्प बसत नसत. त्या गप्प बसण्यात लोरेनचा नवरा, त्याची न उचललेली टोपी, न लावलेला दिवा, सगळं एकेक करून बाहेर आलं. झालं, व्हर्नेल मनात म्हणाली, काकवी सुटली एकदाची.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मॅम, मी तुमचे पाय बघू का?"

तिने काचेकडे पाहिलं नव्हतं. व्हर्नेलकडे पाहून विचारलं होतं. अशा प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नव्हतं.

"बघ की, बाळा," व्हर्नेलच्या तोंडून निघून गेलं.

आणि ती खरंच स्टुलावरून खाली उतरली. फरशीवर गुडघे टेकले, मोजा हलक्या हाताने घोट्यापर्यंत गुंडाळला, नडगीवर अंगठा ठेवून दाबला आणि दाबूनच धरला. मग उचलला. सावळ्या कातडीवर रंग काही बदलला नाही. नुसता एक खळगा पडला, त्यात एवढीशी सावली साचली आणि तशीच राहिली.

"पाय ठीक आहेत," काचेपलीकडून आवाज आला. "सूज नाही."

पोरीने मान वर केली नाही.

"सर, सूज आहे."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला.

"बटीस्ट, कागदावर सूज नाही."

"पायावर आहे, सर."

मग तिने व्हर्नेलकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ना भीती होती, ना हट्ट. दार उघडं ठेवून कुणी बाजूला उभं राहावं, तसं काहीतरी होतं. व्हर्नेल हसली, लोरेनचं थकलेलं हसू.

"मोज्याचे वळ आहेत गं ते. स्वस्तातले मोजे. काही नाही."

पोरीने मोजा वर ओढला, त्याची शिवण टाचेच्या मधोमध येईल असा नीट सरळ केला आणि उभी राहिली. काचेकडे वळून म्हणाली, मला दोन्ही पायांवर सूज आढळली, मी तसंच लिहीन. शब्द अडखळले नाहीत. घंटा वाजली.

जेवणाच्या सुट्टीत सोंगाडी मंडळी तळघरातल्या खोलीत जमत. क्लाइड मेब्री आधीच येऊन बसला होता. जन्मभर शहराची बस चालवलेला हा माणूस पोटदुखीवाल्याचं सोंग इतकं हुबेहूब करायचा, की पहिल्या वर्षाची पोरं घाबरून पाणी आणायला धावत.

"सकाळपासून मरतोय," तो मक्याचा पाव मोडत म्हणाला. "आमच्या चर्चमध्ये कळलं तर पाद्री म्हणेल, क्लाइड, फुलं तरी एकदाच आणू दे."

व्हर्नेल हसली नाही. तिने डबा उघडला, घेवड्याच्या शेंगा चमच्याने इकडून तिकडे केल्या.

क्लाइडकडे बातम्या असतच. काकवी गेली, त्याने सांगितलं. गेन्सने व्हरांड्यातच दुसऱ्या मास्तरला सांगितलं, ते क्लाइडने स्वतः ऐकलं. जी खूण रोग्याच्या अंगावर नाही ती आहे म्हणून सांगितली की इथे माफी नव्हती. खोटी खूण म्हणत तिला. एखादा प्रश्न राहिला तर चालतो, पण खोटी खूण लावली की बाकीचे सगळे गुण पाण्यात. आणि या पोरीने नुसती लावली नाही, समज दिल्यावरही धरून बसली. आता मागच्या पायऱ्यांवर बसली आहे, कोट काढून मांडीवर घेतलाय. रडत नाहीये, तेच बघवत नाही, क्लाइड म्हणाला.

"चांगली होती गं पोर. मला विचारत होती, दुखताना हात धरायला कुणी असतं का. असं कोण विचारतं? पण डोळ्यांना भलतंच दिसायला लागलं तर काय करायचं? डॉक्टरला भुतं दिसून कसं चालेल?"

"तिने काय पाहिलं ते तुला काय ठाऊक?"

क्लाइडने पाव खाली ठेवला. व्हर्नेल अशा आवाजात बोलत नसे.

"मला काहीच ठाऊक नाही," तो सावकाश म्हणाला. "तुझ्या त्या शेंगा तू खाणार नसलीस तर मी खातो, एवढंच."

तिने डबा त्याच्याकडे सरकवला आणि उठली.

डॉक्टर गेन्सची खोली सगळ्यात वर होती आणि लिफ्ट गेल्या हिवाळ्यापासून बंद. जिन्याच्या भिंतीवर दर वर्षी उत्तीर्ण झालेल्या पोरांची चित्रं चौकटीत लावलेली. टायवाले, वेण्यावाले, एका जुन्या चित्रात एकटीच एक बाई, बाकी सारे पुरुष. व्हर्नेल प्रत्येक वळणावर थांबून चित्रं बघत उभी राहिली. वरून खाली येणाऱ्या पोरांनी तिला वाट दिली, मॅम म्हणून मान झुकवली. ती मान हलवत राहिली. बोलायला तिच्याकडे श्वास नव्हता. नदीवर एक मालवाहू बोट भोंगा वाजवत गेली. तो आवाज संपेपर्यंत ती कठड्याला धरून होती.

डॉक्टरांच्या दारावर जिथे आरोग्य-समता केंद्राची पाटी होती, तिथे आता फिकट चौकोन होता आणि स्क्रूंची भोकं. राजधानीतून मदत यायची ती थांबली, त्याबरोबर ते शब्दही दारावरून काढायला सांगितले होते. आत खोकी रचलेली. डॉक्टर गेन्स पुस्तकं भरत होते. त्यांची दाढी पांढरी झालेली, व्हर्नेल पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा ती पुरती काळी होती.

"या, मिस व्हर्नेल. बसा. केवढ्या धापा टाकताय."

"जिने," ती म्हणाली.

तिने बटीस्ट पोरीचा विषय काढला. डॉक्टरांनी हातातलं पुस्तक खोक्याच्या कडेवर ठेवलं. मलाही वाईट वाटतंय, म्हणाले. लोरेनचा नवरा गेल्याचं आज फक्त तिनेच काढून घेतलं. तसं बसणं शिकवून येत नाही. पण नसलेली खूण तिने लावली. मी समज दिली, कागद सांगितला, तरी ती मागे हटली नाही.

"एकदा सोडून द्या."

"कसं सोडू?" ते खिडकीपाशी गेले. "मिस व्हर्नेल, आमची पोरं इथून बाहेर पडतात ना, तेव्हा दुसऱ्यांच्या पोरांसारखी त्यांना एक चूक माफ नसते. ही शिकलीत की नुसती वर ढकललीत, एवढंच बघायला लोक टपलेले असतात. हिने उद्या तिकडे असं केलं तर म्हणतील, टेकडीवर हेच शिकवतात. म्हणून मी इथेच कठोर होतो. तिकडे कुणी व्हायच्या आत."

हे ते मनापासून बोलत होते. वर्षानुवर्षं ते असेच कठोर होत आले होते आणि त्यांनी घडवलेली पोरं तिकडे टिकली होती, हे व्हर्नेललाही ठाऊक होतं. तिने मांडीवरचे हात सोडवले. वाकायला तिला वेळ लागला. बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा खाली गुंडाळला आणि पाय एका खोक्यावर ठेवला, दुसऱ्या कुणाचं सामान ठेवावं तसा.

"हात लावा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. गुडघे वाजत होते तरी ते फरशीवर बसले. अंगठा ठेवला, दाबला, उचलला.

खाली अंगणात पोरं एकमेकांना हाका मारत होती. जेवणाच्या सुट्टीचा गलबला होता. तो खळगा भरायची वाट दोघांनीही पाहिली.

"केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मी रोज त्या काचेमागे बसून..." ते थांबले.

"तुम्ही कागदावरचं वाचलंत," व्हर्नेल म्हणाली. "खोटं मी बोलले. तोंडावर बोलले तिच्या. काही नाही म्हणाले." मग म्हणाली, "अल्मेटाला सांगत, तसंच."

डॉक्टरांनी तिच्या घोट्यावरचा हात काढला नाही. आता थांबता येणार नाही, आजच जावं लागेल, असं ते हळूहळू सांगायला लागले. आणि जायचं म्हणजे कुठे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

"ठाऊक आहे."

"मी फोन करतो. मी बरोबर येईन."

"तुम्ही या नाहीतर नका येऊ," ती म्हणाली. "आधी त्या पोरीला वर बोलवा."

डॉक्टर उठले. खिडकी वर सरकवून त्यांनी मागच्या पायऱ्यांकडे पाहत हाक मारली. पहिल्या हाकेला कुणी वर पाहिलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी मिस बटीस्ट म्हणून हाक मारली.

रोझलिन दारात आली तेव्हा कोट तिच्या हातातच होता. काय ऐकायला बोलावलंय, ते माहीत असल्यासारखा तिचा चेहरा होता. मग तिला खोक्यावरचा उघडा पाय दिसला. तिने कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, खाली बसली आणि तो पाय उचलून तिने मांडीवर घेतला.

"माझ्या आजीचे असेच व्हायचे," ती खालमानेने म्हणाली. "रोज संध्याकाळी मीच चोळायचे."

"आहे का आजी?"

पोरीने मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी नदीपलीकडे फोन लावला होता. पलीकडच्यांनी त्यांना थांबवून ठेवलं. रिसीव्हरमधून कसलीशी आनंदी धून बारीक आवाजात वाजत राहिली, संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कुणीतरी आलं. डॉक्टरांनी काय झालंय ते सांगितलं. पुढच्या महिन्यातली तारीख देऊ केली असावी, कारण डॉक्टर म्हणाले, नाही, आज. पुन्हा धून लागली. आपण कोण ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी ते उभ्याने, टेबलाला एक हात टेकून, वाट बघत राहिले. बाहेर ढग खाली आले होते आणि विटांनी बुजलेल्या खिडक्यांवरचा उजेड गेला होता. व्हर्नेलने डोळे मिटले. ती बोटं घोट्यापासून वर, घोट्यापासून वर जात होती, घाई न करता.

पलीकडून एकदाचं कुणी बोललं. डॉक्टरांनी रोग्याचं नाव सांगितलं, वय सांगितलं, पायांवर सूज आहे म्हणाले. मग ऐकत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "मी नाही. माझ्या लक्षात आली नाही."

पलीकडे कुणाच्या लक्षात आली असं विचारलं असावं. डॉक्टर गेन्सनी खाली बसलेल्या पोरीकडे पाहिलं आणि तिचं नाव, लिहून घेणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.